उपाय मागू नकोस, त्रास सांग

पत्र (थोडं कापून): मावशी, माझ्या ताईला (वय ५४) स्तनाचा कॅन्सर आहे, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा). ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिन) चार डोस, त्यातले दोन झाले, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, बारा वेळा. प्रत्येक डोसनंतर चार-पाच दिवस तिला सारखं मळमळतं, रात्री झोप नाही, दिवसभर गळून पडलेली असते. तिला ॲक्युपंक्चर आणि मसाज करून बघायचंय. हॉस्पिटलमधे विचारलं तर 'आमच्याकडे असलं काही नसतं' एवढंच उत्तर. तिच्या नणंदेने तीन डबे आणून दिलेत, एक अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा, एक केसांसाठी आणि एकावर नुसतं 'इम्युनिटी' लिहिलंय. ताईने ते घ्यायला सुरुवात केलीय आणि डॉक्टरांना सांगायला ती तयार नाही, रागावतील म्हणते. भाऊजी म्हणतात हे सगळं थोतांड आहे, सगळं बंद. मी कुणाची बाजू घेऊ? — धाकटी

धाकटे, बाजू कुणाचीच घेऊ नकोस, पण ते तीन डबे आज रात्रीपासून थांबव. कायमचे म्हणत नाहीये मी, ते डॉक्टरांच्या टेबलावर जाईपर्यंत. ॲक्युपंक्चर, मसाज वगैरेवर सावकाश बोलू, आणि त्यातलं बरंचसं तुझ्या ताईला मिळावं असंच मला वाटतं, पण आधी हे.

का एवढी घाई करतेय ते सांगते. माझ्या वडिलांची केमो चालू होती तेव्हा मीच त्यांना एक पावडर देत होते, सकाळी कोमट पाण्यातून, कुणीतरी ओळखीच्यांनी दिलेली, आणि डॉक्टरांनी 'आणखी काही चालू आहे का' विचारलं की मी मान हलवून नाही म्हणायचे. तिसऱ्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या फेरीच्या, आधी लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. सायकल पुढे ढकलली, आजार लिव्हरमधे पसरला की काय म्हणून स्कॅन झाला, आणि तो रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते, मला ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. स्कॅन स्वच्छ आला. तेव्हा कुठे मी रडत रडत पावडरचं सांगितलं. पावडर बंद केल्यावर रिपोर्ट हळूहळू ताळ्यावर आले. पावडरीनेच झालं असं छातीठोकपणे कुणी म्हणालं नाही, पण डॉक्टर एक वाक्य बोलले, रागावून नाही, थकून बोलले, की आधी सांगितलं असतं तर स्कॅनच्या आधी आम्ही पावडर बंद करून बघितली असती. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलेय, की पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट डॉक्टरांना माहीत हवी.

आता ते डबे. तुझ्या ताईला लाल औषध आणि मग पॅक्लिटॅक्सेल असं मिळतंय ना, नेमक्या याच औषधांवर असलेल्या ११३४ स्त्रियांचा अमेरिकेत अभ्यास झाला, २०१९ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. केमोच्या आधी आणि केमो चालू असतानाही ज्या अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट घेत होत्या, म्हणजे व्हिटॅमिन ए, सी, ई, कॅरोटीन, कोएन्झाइम क्यू-टेन यातलं काही, त्यांच्यात कॅन्सर परत येण्याकडे कल जास्त दिसला. पक्कं सिद्ध झालं असं नाही म्हणता येणार, असल्या अभ्यासातून तेवढं निघत नाही, पण फायदा तर काही दिसला नाही ना. आणि कारणही डोक्यात बसण्यासारखं आहे, केमोची काही औषधं आणि रेडिएशन पेशींना मारताना ज्या फ्री रॅडिकल्सचा (पेशींना इजा करणाऱ्या कणांचा) आधार घेतात त्यांनाच ही सप्लिमेंट विझवायला निघतात, म्हणजे एका हाताने पेटवायचं आणि दुसऱ्या हाताने पाणी ओतायचं असं होऊ शकतं. रोजच्या जेवणातल्या भाज्या-फळांबद्दल हे नाहीये, कॅप्सूलमधे ठासून भरलेल्या डोसबद्दल आहे.

केसांच्या डब्यात बहुतेक बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असणार, लेबल बघ. बायोटिनने केमोतले केस गळायचे थांबतात असा पुरावा नाही, पण मोठ्या डोसमधे ते रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे खोटे दाखवतं, थायरॉईडचे, काही ट्यूमर मार्करचे (कॅन्सरचा माग काढणाऱ्या रक्ततपासण्या), आणि हृदयाला इजा झाली का ते बघतात त्या ट्रोपोनिनचेसुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मधे यावर जाहीर इशारा दिला होता. लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं म्हणून तर ताईचा इको (हृदयाची सोनोग्राफी) केला असेल सुरुवातीला, अशा माणसाचा ट्रोपोनिन खोटा कमी यावा हे परवडणारं नाही. आणि तो इम्युनिटीचा डबा, त्यात काय आहे ते तुला मला दोघींनाही माहीत नाही, मग तो तर आधी थांबवायचा.

अजून एक आत्ताच सांगून ठेवते कारण कुणीतरी आणून देणारच. पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि मग 'नसांसाठी' म्हणून असिटिल-एल-कार्निटिन नावाची गोळी सुचवली जाते. ४०९ स्त्रियांना एकत्र घेऊन याची रीतसर चाचणी झाली, २०१३ मधे निकाल आला, आणि गोळी घेणाऱ्यांचा नसांचा त्रास उलट वाढला. फायदा होईल म्हणून दिलेली गोष्ट, आणि घडलं उलटं. म्हणून 'घेऊन बघायला काय जातंय' हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं, कारण कधीकधी जातं.

नणंद म्हणेल की हे नैसर्गिक आहे. तिला प्रेमाने सांग की पॅक्लिटॅक्सेल पण झाडाचंच आहे, पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून पहिल्यांदा काढलं, आणि व्हिन्क्रिस्टिन नावाचं केमोचं औषध तर आपल्या सदाफुलीतून आलंय. वनस्पतीत ताकद असते हे मला पूर्ण मान्य आहे, ताकद असते म्हणूनच ती दुसऱ्या औषधाला अडवू शकते. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती आहे, लोक उदासपणावर घेतात, ती लिव्हरमधलं एक एन्झाइम इतकं कामाला लावते की काही औषधं नको तेवढ्या लवकर शरीराबाहेर जातात. २००२ च्या एका छोट्या अभ्यासात इरिनोटेकान नावाच्या केमोचा रक्तातला जो भाग खरं काम करतो तो तिच्यामुळे ४२ टक्क्यांनी कमी झाला होता. पेशंट केमो घेतोय, त्रास सोसतोय, आणि औषध निम्मंच लागू पडतंय, आणि कुणाला पत्ताच नाही.

आता भाऊजी. त्यांची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या गोष्टीवर जाऊन बसलीय. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मधे दोन अभ्यास मांडले. एकात कॅन्सरची नेहमीची ट्रीटमेंट सोडून फक्त पर्यायी उपचार घेणारे लोक होते, त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमधे तर पाच पटीहून जास्त. दुसऱ्यात नेहमीची ट्रीटमेंट घेतानाच सोबत काहीतरी पूरक करणारे होते, त्यांचाही धोका साधारण दुप्पट आला. भाऊजींनी इथपर्यंत कुठेतरी वाचलं असेल तर ते घाबरणारच. पण पुढे खोदल्यावर दिसलं की या लोकांमधे केमो नको म्हणणारे ३४ टक्के होते आणि बाकीच्यांमधे ३ टक्के, रेडिएशन नको म्हणणारे तर ५३ टक्के, आणि तो हिशोब वजा केल्यावर फरक उरला नाही. म्हणजे सुयांनी, मसाजने कुणी दगावलं नव्हतं गं, त्या नादात केमो सुटली म्हणून दगावले. हे भाऊजींना असंच्या असं वाचून दाखव. तुझी ताई केमो सोडायचं म्हणत नाहीये, ती नीट जाऊन केमोची सुई टोचून घेतेय, ती फक्त म्हणतेय की मला जे होतंय ते थोडं हलकं करा. याला थोतांड म्हणून गप्प केलं ना, तर ती हे करायचं थांबणार नाही, सांगायचं थांबेल.

आणि मला वाटतं ताईला नुसती मळमळ घालवायची नाहीये. ऑपरेशनची तारीख दुसऱ्याने ठरवली, औषध दुसऱ्याने ठरवलं, हात पुढे कर म्हटलं की हात पुढे करायचा, कपडे काढ म्हटलं की काढायचे. महिनोन्‌महिने असं जगल्यावर माणसाला एक तरी गोष्ट स्वतः ठरवलेली हवी असते. बाबा पावडर का घ्यायचे ते मला खूप उशिरा कळलं, ती घेताना त्यांना वाटायचं की आज मी माझ्यासाठी काहीतरी केलं. तेवढंच होतं ते. त्यामुळे डबे काढून घेतेस तर त्या जागी दुसरं काहीतरी तिच्या हातात दे, रिकामा हात ठेवू नकोस.

तर आता हॉस्पिटलचं. तुम्ही विचारलंत 'ॲक्युपंक्चर आहे का' आणि उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, बहुतेक ठिकाणी नसतंच. पण तुम्ही उपाय मागितलात, त्रास सांगितला नाहीत. पुढच्या भेटीत उलट कर. जाऊन असं काहीतरी सांग की हिला दुसऱ्या डोसनंतर पाचव्या दिवसापर्यंत मळमळत होतं, दहापैकी सात एवढं, दोन वेळा उलटी झाली, रात्री जेमतेम तीन तास झोप, संडासला जाऊन आली तरी दम लागतो. आकडे दे, तारखा दे, एका छोट्या वहीत रोजचं दोन ओळी लिहून ने. उपायाच्या नावावर दार बंद होतं, त्रासाच्या नावावर उघडतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि डे-केअरमधल्या (केमो देतात त्या विभागातल्या) सिस्टरला आधी सांग, डॉक्टर सात मिनिटं भेटतात, सिस्टर तीन तास शेजारी असतात.

मळमळीचं आधी, कारण पाच दिवस मळमळणं हे 'केमो म्हणजे असं होणारच' म्हणून सोडून द्यायचं नसतं. लाल औषध मळमळ करणाऱ्यात वरच्या नंबरात आहे आणि त्याच्यासाठी औषधं पण तशीच तगडी आहेत. ओलान्झापिन नावाची एक साधी गोळी आहे, मूळची मानसिक आजारांसाठीची, ती बाकीच्या उलटीच्या औषधांसोबत दिली तर मळमळ खूप कमी होते असं २०१६ मधे ३८० पेशंटच्या चाचणीत दिसलं, आणि तिने गुंगी येते त्यामुळे कधीकधी रात्रीची झोपही लागते. स्वतः आणायची नाही, 'हिला ओलान्झापिन चालेल का' एवढं विचारायचं. कित्येकदा पूरक उपचार शोधायची वेळ येते ती मूळ उपचारातलंच काहीतरी द्यायचं राहिलंय म्हणून.

त्याच्या जोडीला ॲक्युपंक्चर करायचं असेल तर जरूर करा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी १९९७ मधेच मान्य केलं होतं की केमोच्या मळमळीवर ते उपयोगी पडतं. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधल्या दोन शिरांसारख्या लागतात त्या स्नायूबंधांमधे एक बिंदू आहे, तो अंगठ्याने दाबूनही लोक बघतात, दाबण्याचा पुरावा उलटसुलट आहे पण दाबायला खर्च नाही, अपाय नाही, आणि ताईला स्वतः करता येतं. पुढे तिला हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या सुरू होतील, त्यातल्या ॲरोमॅटेज इन्हिबिटर प्रकारात सांधे फार दुखतात, इतके की बायका गोळीच सोडून देतात. तिथे ॲक्युपंक्चरची खरी मदत होते, २२६ स्त्रियांची चाचणी २०१८ मधे आली, खऱ्या सुयांनी दुखणं खोट्या (म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचलेल्या) सुयांपेक्षा जास्त कमी झालं. हे लक्षात ठेव, तिला ते तेव्हा जास्त लागेल.

पण वेळ बघून. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, प्लेटलेट कमी होऊ शकतात, तेव्हा सुई नको, जोरात दाबून मसाज नको. ऑपरेशन झालंय त्या बाजूच्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, विशेषतः काखेतल्या गाठी काढल्या असतील तर. आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला की ॲक्युपंक्चरवाल्याला नाही, हॉस्पिटलला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मसाज हलक्या हाताचा हवा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधे तीन वर्षांत १२९० पेशंटना मसाज देऊन त्यांचं दुखणं, थकवा, मळमळ, घाबरेपणा आधी आणि नंतर मोजला, तो साधारण निम्म्यावर आला, २००४ मधे हे छापून आलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे किती खरं मसाजमुळे आणि किती नुसत्या आपुलकीने ते सांगता येत नाही, पण पेशंटला बरं वाटलं हे खरंच ना. ऑपरेशनची जागा, केमोचा पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी), रेडिएशन झालेली कातडी, पायाला एकाच बाजूला सूज आणि दुखत असेल तर तो पाय (गाठ असू शकते रक्ताची, आधी डॉक्टर), हे सोडून बाकी. तू स्वतः तिचे पाय, पाठ हलक्या हाताने चोळून दिलीस तरी चालेल, परक्या माणसापेक्षा कदाचित तेच तिला आवडेल.

गळून जाण्यावर सगळ्यात भक्कम पुरावा कशाला आहे सांगू, चालण्याला. ११३ चाचण्या एकत्र करून २०१७ मधे बघितलं तर कॅन्सरच्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि समुपदेशन जास्त उपयोगी ठरलं. मला माहितीये की पडून असलेल्या माणसाला चाल म्हणणं क्रूर वाटतं, म्हणून घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, तू सोबत, गप्पा मारत. झोपेसाठी झोपेची विशिष्ट वर्तन-थेरपी असते, सीबीटी-आय म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला त्या नावानेच विचार. मनाच्या घालमेलीसाठी श्वासावर लक्ष ठेवून बसणं, माइंडफुलनेस, हे आता कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनीच २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत शिफारस केलेलं आहे. यातलं काही विकत घ्यावं लागत नाही, आणि मिळत नाही मिळत नाही म्हणताना लोक नेमकं हेच विसरतात.

हॉस्पिटलमधे अजून एक दार आहे, त्याचं नाव ऐकून लोक दचकतात, पॅलिएटिव्ह केअर. ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतं. २०१० मधे फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटची चाचणी झाली, ज्यांना सुरुवातीपासून ही टीम मिळाली ते ११.६ महिने जगले आणि बाकीचे ८.९, आणि तेही जास्त बऱ्या अवस्थेत. ताईची केस तशी नाहीच, तिची ट्रीटमेंट बरं करायला चाललीय, तरी त्रास कमी करणं हेच त्या लोकांचं काम आहे, आणि बाहेरचा चांगला फिजिओ, चांगला ॲक्युपंक्चरवाला कोण हे कित्येकदा त्यांनाच माहीत असतं. ताईला हे नाव सांगण्याआधी याचा अर्थ समजावून सांग, नाहीतर ती भलतंच समजून बसेल.

बाहेर कुणाकडे जायचं ठरलं तर त्याने पहिल्या भेटीत तिचा शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) मागितला पाहिजे आणि कुठली केमो चालू आहे ते विचारलं पाहिजे. नाही विचारलं तर उठून या, पैसे भरले असले तरी. बरं करतो म्हणणारा नको. केमो दोन महिने थांबवा म्हणणारा तर अजिबातच नको, तो कितीही गोड बोलला तरी. पन्नास सेशनचं पॅकेज आधीच विकणारा नको, तीन वेळा करून बघायचं, वहीतले आकडे हलले तर पुढे.

राहिलं डॉक्टरांना सांगायचं. ताईच्या वतीने तू बोल पण ताई शेजारी हवी, आणि तिला आधी विचार, तिच्या पाठीमागे नको. वाक्य साधं ठेव, 'डॉक्टर, हिने इतके दिवस हे घेतलं, आता थांबवलंय, रिपोर्ट बघताना लक्षात असू द्या, आणि यातलं काही पुढे घेता येईल का ते फार्मासिस्टला दाखवून सांगाल का.' रागावले तर रागावले, एक मिनिट रागावतील. माझ्यावर तर रागावलेही नाहीत, मी उगाच दोन सायकल त्या भीतीपोटी गप्प बसले होते.

नणंदेला दुखवू नकोस, तिने डबे प्रेमाने आणलेत. तिला दुसरं काम दे, डोसनंतरच्या दुसऱ्या दिवशी ताईजवळ बसायचं, वहीत लिहायचं, संध्याकाळच्या पाच मिनिटांना तिच्यासोबत चालायचं.

आणि डब्यांचा फोटो नेऊ नकोस, डबेच ने. मागचं बारीक अक्षर फोटोत वाचता येत नाही.